दगडावर 'त्रिभुवनमल्ल' लागलं, पण राजा कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात सीनाकाठच्या एका गावात मारुतीच्या पाराशेजारी चारेक फुटांचा काळा दगड उभा आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये शिवलिंग, बाजूला गाय-वासरू आणि तलवार, खाली जुन्या कानडी अक्षरांच्या ओळी. कुणीतरी त्यात 'त्रिभुवनमल्ल' हा राजाच्या बिरुदाचा शब्द लावला आणि गावात दोन तट पडले. एका तटाचा चालुक्य विक्रमादित्य, दुसऱ्याचा मंगळवेढ्याचा बिज्जळ. ग्रामपंचायतीला शेजारच्या महादेवाच्या देवळासमोर 'अमुक राजाने बांधलेले मंदिर' असा फलक लावायचा आहे. राजा कसा ठरवायचा आणि दगड कसा सांभाळायचा?

आधी फलकाचं काम थांबवा. एवढ्या एका शब्दावर राजाही ठरत नाही आणि देऊळ कुणी बांधलं हे तर त्याहून ठरत नाही.

दगडाच्या माथ्यावरची चित्रं बघता हा दानलेख आहे. चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत दान चालू राहावं, लिंग म्हणजे दान शिवालयाला, आणि गाय-वासरू व तलवार ही चालुक्यांच्या मुलखातल्या दानशिळांवरची नेहमीची खूण. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा दगड) असता तर चौकटी एकावर एक असत्या: तळाला लढाई किंवा गाई वळवून नेण्याचा प्रसंग, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर लिंगपूजा. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीशिळा. गद्धेगाळ (गाढवाचं चित्र कोरलेला शापाचा दगड) कोकणात जास्त, आणि ती तुमच्या वर्णनाशी जुळत नाही. माथ्यावरच्या चित्रांचा वेगळा फोटो आधी काढा. अक्षरं झिजलेली असली तरी लेखाचा प्रकार तिथेच कळतो.

आता दानलेखाची मांडणी. ती जवळपास ठरलेली असते, आणि ती माहीत असली की अर्धं वाचन सोपं होतं. सुरुवातीला देवाला नमन. शैव लेखांत बहुतेक वेळा 'नमस्तुंगशिरश्चुंबि चंद्रचामरचारवे' हा श्लोक असतो. जैन दान असेल तर 'श्रीमत्परमगंभीर स्याद्वादामोघलांछनं'. त्यानंतर राजाची बिरुदावली: 'समस्तभुवनाश्रय श्रीपृथ्वीवल्लभ महाराजाधिराज परमेश्वर परमभट्टारक सत्याश्रयकुलतिलक चालुक्याभरण श्रीमत् अमुकमल्लदेव'. शेवटी 'विजयराज्यं उत्तरोत्तराभिवृद्धि प्रवर्धमानं आचंद्रार्कतारं सलुत्तमिरे', म्हणजे असं असं राज्य चाललेलं असताना. इथे राजाचा भाग संपला. पुढे 'तत्पादपद्मोपजीवि' आला की त्याच्या पदरी असलेला महामंडलेश्वर (मांडलिक) किंवा दंडनायक (सेनापती) सुरू होतो, मग पेर्गडे (अधिकारी), गावुंड (गावप्रमुख), सेणबोव (कुलकर्णी), सेट्टी (व्यापारी) अशी उतरती भाजणी. नंतर तिथी, नंतर कुणी काय दिलं, चतुःसीमा, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप.

यातला राजाचा भाग ठोकळेबाज असतो. खोदणाऱ्याकडे मजकुराचा साचा तयार असे आणि नाव तेवढं बदले. त्यामुळे राजा त्या गावात आला, त्याने दान दिलं, देऊळ बांधलं, यातलं काहीच त्या ओळींतून निघत नाही. निघतं ते एवढंच की लेख खोदला तेव्हा या भागात त्याची सत्ता मानली जात होती. गावाचा खरा इतिहास 'सलुत्तमिरे'च्या खाली असतो, आणि नेमका तोच भाग जमिनीत गेलेला किंवा सिमेंटच्या ओट्यात बुजलेला सापडतो.

त्रिभुवनमल्ल किमान तिघे आहेत: कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६), कळचुरी बिज्जळ (बाराव्या शतकाचा मध्य), आणि चालुक्यांचा शेवटचा राजा चौथा सोमेश्वर (११८४ च्या पुढे). चालुक्यांचे बाकीचे 'मल्ल'ही असेच घोटाळ्याचे. जगदेकमल्ल दुसऱ्या जयसिंहाला म्हणत आणि शंभरेक वर्षांनी पेर्मलाही. त्रैलोक्यमल्ल पहिला सोमेश्वर, आणि तिसरा तैलपही. भुवनैकमल्ल दुसरा सोमेश्वर आणि भूलोकमल्ल तिसरा सोमेश्वर, या दोघांत तेवढा घोळ नाही. म्हणून नुसत्या 'मल्ल'वर निकाल देऊ नये. त्याच्या आजूबाजूची बिरुदं बघायची.

'सत्याश्रयकुलतिलक' किंवा 'चालुक्याभरण' असेल तर राजा चालुक्य. बिज्जळाच्या लेखांत 'कालंजरपुरवराधीश्वर', 'सुवर्णवृषभध्वज', 'डमरुगतूर्यनिर्घोषण', 'शनिवारसिद्धि', 'गिरिदुर्गमल्ल' अशी माळ असते आणि 'भुजबळचक्रवर्ति' येतं. पण एक फट राहते. बिज्जळ आधी चालुक्यांचा महामंडलेश्वर होता आणि मंगळवेढं हे त्याच्या घराण्याचं ठाणं. त्या काळातल्या लेखात वर चालुक्य राजाची बिरुदं आणि 'तत्पादपद्मोपजीवि'च्या खाली बिज्जळाची, असं दोन्ही एकाच दगडावर सापडू शकतं. कोणतं बिरुद 'सलुत्तमिरे'च्या वर आहे आणि कोणतं खाली, हे ओळ क्रमांकासह लिहून काढा. कदाचित तुमच्या गावातले दोन्ही तट बरोबर निघतील.

'पुरवराधीश्वर' या शब्दावरून हमखास फसगत होते. 'लट्टलूरपुरवराधीश्वर' दिसलं की लातूरचा राजा, 'तगरपुरवराधीश्वर' दिसलं की तेरचा, असं लोक लावून मोकळे होतात. हा घराण्याच्या मूळ गावाचा अभिमान आहे. लट्टलूरचं नाव सौंदत्तीचे रट्ट सांगत, तगरचं शिलाहार, द्वारावतीचं यादव. यादवांनी द्वारकेवर राज्य केलं असं त्यावरून कुणी म्हणत नाही, मग लातूर-तेरच्या बाबतीत तरी का म्हणावं?

आता काळ. चालुक्यांच्या लेखांत शकवर्ष, संवत्सराचं नाव, महिना, तिथी, वार आणि पुष्कळदा ग्रहण किंवा संक्रमण दिलेलं असतं. विक्रमादित्याने शक मोडून स्वतःची कालगणना सुरू केली, 'चालुक्य विक्रम वर्ष'. तिचं पहिलं वर्ष शके ९९८, अनल संवत्सर, इ.स. १०७६. म्हणजे विक्रम वर्षात ९९७ मिळवले की शक. तेहतिसावं वर्ष म्हणजे शके १०३०.

संवत्सर तपासण्याची रीत अशी: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तितवा संवत्सर प्रभवापासून (साठांतला पहिला) मोजा. शून्य उरलं तर साठावा, क्षय. शके १०३० घ्या. १०४२ ला ६० ने भागल्यावर बाकी २२, म्हणजे सर्वधारी. लेखात 'तेहतिसावं वर्ष' आणि 'सर्वधारी' दोन्ही असतील तर वाचन पक्कं. एकाचा फरक आला तर बिघडलं नाही. गत (संपलेलं) वर्ष आणि वर्तमान (चालू) वर्ष अशा दोन्ही रीती चालत. तीन-चारांचा फरक आला तर मात्र आकडा चुकीचा लागला असं समजून पुन्हा दगडाकडे जावं. ही रीत आपल्याकडच्या, दख्खनच्या लेखांपुरती. उत्तरेत संवत्सरचक्र वेगळं धावतं.

तुमच्या भांडणाला हे हिशेब थेट लागू पडतात. समजा संवत्सर 'चित्रभानु' लागलं. तो सोळावा. शके १०२४ ला चित्रभानु होता (इ.स. ११०२, विक्रमादित्याचं राज्य) आणि शके १०८४ लाही होता (इ.स. ११६२, बिज्जळ). साठ वर्षांनी तेच नाव परत येतं आणि दोन्ही वेळा वर त्रिभुवनमल्लच! अशा वेळी वर्षाचा आकडा बघा. 'विक्रमवर्षद २७ नेय' (विक्रम वर्षाचं सत्ताविसावं) असं काही असेल तर विक्रमादित्य. ५, ६ असा लहान आकडा असेल तर बिज्जळाच्या स्वतःच्या राज्यवर्षाचा विचार करा. आकडा गेलेला असेल तर तिथी आणि वार यांचा मेळ पंचांगगणिताने घालता येतो. एकाच तिथीला ठरावीक वार दोन्ही वर्षांत पडेलच असं नाही. शकाचा इसवी सन करताना नुसते ७८ मिळवून थांबू नका. पौषाच्या उत्तरार्धापासून माघ-फाल्गुनातली तिथी बहुधा पुढच्या इंग्रजी वर्षात जाते, तिथे ७९ लागतात.

देऊळ कुणी बांधलं, हा तिसरा मुद्दा. लेखातली क्रियापदं बघा. 'माडिसिद', 'प्रतिष्ठे माडिसि' असेल तर करवून घेतल्याचा, स्थापनेचा उल्लेख. 'धारापूर्वकं माडि कोट्टरु' असेल तर हातावर पाणी सोडून दान दिलं, एवढंच. दान कशासाठी, हेही लिहिलेलं असतं: अंगभोग-रंगभोग (देवाची पूजा-सजावट आणि नाच-गाणं), नंदादीप, तपस्व्यांचं अन्न, आणि 'खंडस्फुटितजीर्णोद्धार'. हा शेवटचा शब्द आला की पडझडीच्या दुरुस्तीचीही तरतूद केलेली आहे, म्हणजे देऊळ बहुधा दानाआधीच उभं होतं. मात्र हाही ठरीव शब्द, तेव्हा एकट्या त्याच्यावर भार टाकू नका. दान मत्तर या मापात जमिनीचं असेल, गद्याण या नाण्यांत असेल, तेलाच्या घाण्यावरचा किंवा बाजारातल्या मालावरचा हिस्सा असेल. चतुःसीमेत मूडलु (पूर्व), पडुवलु (पश्चिम), बडगलु (उत्तर), तेंकलु (दक्षिण) हे शब्द शोधा. त्यांच्या पुढे शेजारगावांची नावं, ओढे, वाटा, दगड येतात. गावनकाशा काढून ती लावून बघितली तर कधी कधी आजचा ओढा जागच्या जागी सापडतो. राजाच्या नावापेक्षा हे किती तरी मोलाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाता जाता, जुनं दगडी देऊळ दिसलं की त्याला 'हेमाडपंती' म्हणायची आपल्याकडे खोड आहे. हेमाद्री म्हणजे हेमाडपंत तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र यादवांच्या काळातला. तुमच्याच तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४० चा लेख आहे, इ.स. १०१८-१९ चा, हेमाद्रीच्या अडीचशे वर्षं आधीचा. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली 'वाछि तो विजेया होऐवा' (वाचेल तो विजयी होईल) ही ओळ मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव वाक्यांत धरली जाते. वरच्या रीतीने तपासा: ९४० अधिक १२, बाकी ५२, कालयुक्त. लेखातही कालयुक्तच आहे.

सोलापूर जिल्ह्यात कानडीखेरीज नागरी आणि फारसी लेखही भेटतात, म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द. यादवकाळच्या नागरीत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता डाव्या बाजूला उभी रेघ म्हणून देत. तिला पडिमात्रा म्हणतात. नवखा वाचक ती रेघ आधीच्या अक्षराचा काना समजतो आणि अख्खा शब्द बिघडतो. च-व, प-य-ष, भ-म, ध-घ या जोड्याही तशाच दगा देतात. सरावाला पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातला चौऱ्यांशीचा लेख चांगला. शके ११९५ (श्रीमुख) ते ११९९ पर्यंत देणगीदारांची नावं त्यात भरत गेलेली आहेत, रामचंद्रदेव आणि हेमाडि पंडितही त्यात आहेत. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशीचा फेरा चुकतो या श्रद्धेने भाविकांनी पाठी घासल्या आणि अक्षरं झिजली. वाचन छापील बघून मगच दगडासमोर उभं राहावं.

फारसी लेखांत हिजरी सन असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, वर्षभराच्या अंतराने इसवी सन मिळतो. हिजरी ९८६ म्हणजे १५७८-७९. 'शुहूर' असा शब्द असेल तर ती वेगळी गणना, तिच्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. 'सलास खमसैन अलफ' म्हणजे १०५३, इसवी १६५२-५३. दोन्हींत गल्लत केली तर साल चुकतं, कधी सुलतानही बदलतो. सोलापूरच्या किल्ल्यातल्या लेखांत शहराचं नाव एके ठिकाणी सोनलपूर आणि विहिरीवरच्या लेखात संदलपूर असं आलं आहे, आणि मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या लेखात सोनलीपूर. लेख खोदणाऱ्याने त्या वेळचं नाव लिहिलं. म्हणून गावाच्या नावाचं आजचं रूप डोक्यात धरून दगडात शोधायला जाऊ नये.

आता हातातलं काम. तुम्ही ठसा घेऊ नका, फोटो घ्या. चांगले फोटो वाचनाला पुरतात आणि दगडाला काही होत नाही. दिवसा बाराच्या उन्हात अक्षरं सपाट दिसतात, म्हणून सकाळी किंवा कलत्या उन्हात जा. खरं तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जाणं उत्तम. मोबाइल तिपाईवर दगडाच्या बरोबर समोर लावा, फ्लॅश बंद. बॅटरी दगडापासून दीड-दोन फूट लांब, बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, दहा-पंधरा अंशांत. पहिला फोटो उजवीकडून, मग डावीकडून, वरून, खालून. चारही हवेतच, कारण वरून उजेड टाकला की उभ्या रेघा हरवतात आणि बाजूने टाकला की आडव्या. खालून टाकलेल्या उजेडात खोदलेलं अक्षर कधी कधी उठावाचं भासतं, तेवढं लक्षात ठेवा. आधी पूर्ण दगड, मग तीन-तीन ओळींचे तुकडे, प्रत्येक तुकड्यात आधीची एक ओळ पुन्हा येईल असे. कडेला मोजपट्टी हवी. नदीकाठी वारा असतो, तिपाईला पिशवी बांधा.

आपला दगड बेसाल्ट, काळा पाषाण. त्याच्या अंगात मुळातच वायूच्या पोकळ्यांची छिद्रं असतात, काही पांढऱ्या खनिजाने भरलेली. जुन्या कानडीत अनुस्वार हा अक्षराशेजारचा लहान गोल किंवा टिंब असतो, त्यामुळे छिद्र हमखास अनुस्वार म्हणून वाचलं जातं. छिद्राची कड वेडीवाकडी असते, आत गेल्यावर ते रुंद होतं आणि ते ओळीबाहेरही कुठेही सापडतं. छिन्नीचा अनुस्वार ठरावीक उंचीवर आणि साधारण एकाच मापाचा असतो. शंका असेल तिथे फोटोवर खूण करा, वाचनात कंस घाला. जुन्या कानडीत म आणि व सारखे दिसतात, हेही ध्यानात असू द्या. गावात कानडी वाचणारी मंडळी असतीलच. हळेकन्नड (जुनी कानडी) लिपी त्यांना लागणार नाही, पण कुणी उच्चार वाचून दाखवला तर शेतीचे, मापांचे, दिशांचे शब्द तीच पटकन ओळखतात.

ठसा कसा घेतात तेही सांगतो, म्हणजे कुणी घ्यायला आलं तर काम नीट चाललंय का ते कळेल. दगड स्वच्छ पाण्याने धुतात, चिवट पण पाणी शोषणारा कागद ओला करून चिकटवतात, आणि दाट केसांच्या ब्रशने मधून कडेकडे ठोकत कागद अक्षरांच्या खाचेत बसवतात. फाटला तर तिथेच कागदाचा तुकडा लावतात. कागद जरा सुकत आला, बोटाला ओल लागते पण पाणी येत नाही, की काजळी आणि डिंकाची शाई कापडी बोळ्याने टिपत जातात. उंच भाग काळा, खाचेतलं अक्षर पांढरं. शाई वरच्या बाजूला असल्याने ठसा सुलटाच वाचता येतो. बिघडतं ते दोन ठिकाणी. कागद फार ओला असताना शाई लावली तर ती झिरपून दगडात जाते, आणि बेसाल्टच्या छिद्रांत शिरलेली काजळी पुन्हा निघत नाही. उलट आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ठोकणं संपायच्या आत कागद सुकून कडा सुटतात. म्हणून हे काम थंडीत, सकाळी. संरक्षित स्मारकात पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ठसा घेता येत नाही.

खडू, पीठ, रांगोळी चोळून अक्षरं उठावदार करायची पद्धत सोडा. ज्याने चोळलं त्याला जे अक्षर वाटलं तेच फोटोत येतं, आणि पुढचा वाचक त्याची चूक वाचतो. ऑइल पेंटने अक्षरं भरणं त्याहून वाईट. तारेचा ब्रश, ॲसिड, सोडा, मशिनने वाळूचा मारा हे काहीही नको. मऊ कुंचला आणि साधं पाणी पुरे. शेंदूर-तेलाचा थर बसला असेल तर खरवडू नका. तो काढायचा तर जाणकार संवर्धकाकडून, आणि पुजाऱ्याला आणि गावाला विचारूनच. नाहीतर दगड वाचतो आणि भांडण उभं राहतं.

दगड उपटून देवळात नेऊ नका. दानशिळा जिथे उभी तिथल्या जमिनीशी तिचा संबंध असू शकतो. पायथ्याशी लेख मातीत गेलेला दिसला तर स्वतः खोदू नका. तहसीलदारांना लेखी कळवा आणि राज्य पुरातत्त्व खात्याकडे प्रत पाठवा. रस्तारुंदीत हलवणं भागच पडलं तर आधी जागेचे अक्षांश-रेखांश, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला, जमिनीत किती इंच आणि चारही बाजूंचे फोटो, एवढी नोंद पंचनाम्यात घालून घ्या. पुन्हा बसवताना बुंधा सिमेंटच्या ओट्यात गाडू नका. ओल वर चढते आणि खालच्या ओळींचे पापुद्रे सुटतात. पाणी निचरेल अशी खडी भरा.

वाचनासाठी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची पुराभिलेख शाखा म्हैसूरला आहे. संस्कृत आणि कानडी तिथे, अरबी-फारसीसाठी नागपूर. पुण्यात डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पाठवण्याआधी हा लेख पूर्वी छापला गेला आहे का ते विचारा. कानडी मुलखाला लागून असल्याने आपल्याकडचे लेख कर्नाटकातल्या संग्रहांतही छापलेले असतात, आणि गावाचं नाव तिथे जुन्या रूपात असतं.

फलक लावायचाच असेल तर वाचन होईपर्यंत एवढं लिहा: 'शिवालयाला दिलेल्या दानाचा कल्याणी चालुक्य-कळचुरी काळातील शिलालेख. भाषा व लिपी: जुनी कानडी. लेखात "त्रिभुवनमल्ल" या बिरुदाचा उल्लेख. वाचन चालू आहे. दगडावर रंग, तेल, खडू लावू नये.' फलक दगडाला खिळ्याने किंवा गोंदाने न लावता हातभर लांब, वेगळ्या खांबावर लावा. भाषा जुनी कानडी आहे हे खात्रीने कळलेलं नसेल तर तिथे फक्त लिपीच लिहा, कारण कानडी लिपीत संस्कृत श्लोकही खोदत आणि पहिल्या चार ओळी बहुधा त्याच असतात.